इंजिनाच्या गोष्टीतले तीन वाटे

जमीलचाचा रागावले की आधी हातातला पाना जमिनीवर ठेवायचे. तो कुणाच्या डोक्यात बसू नये एवढी काळजी घ्यायचे आणि मग दोन्ही हात मोकळे करून भांडायचे. पाटोद्यात बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. पाना ठेवल्याचा आवाज आला की गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरायचं. वॉशर न घालता आवळलेला बोल्ट त्यांना खपायचा नाही. "इंजिन हाय बे त्ये, तुज्या गोठ्याचं फाटक न्हाई, कसंबी वडलं अन् लावलं!" असं ते चांगल्या चांगल्या बागायतदारांना सुनवायचे. बागायतदारही ऐकून घ्यायचे, कारण असा कान आसपास दुसऱ्या कुणाला नव्हता. रस्त्यावरून नुसता आवाज ऐकून चाचा सांगायचे, अमक्याच्या विहिरीवरचं इंजिन आठ दिवसांत बसणार. आणि ते बसायचं.

अशा माणसावर अठ्ठ्याण्णव साली अन्याय झाला. तो आमच्या घरातून झाला, माझ्या वडिलांच्या तोंडून झाला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. एखाद्या पोरानं शेजारच्याचं उत्तर आपलं म्हणून लिहिलं तर मी त्याचा कान पिळते. वडिलांचा कान पिळता येत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

वडील म्हणजे अप्पा, मल्लिनाथ. आमचं किराणा दुकान आणि त्याला लागून पिठाची गिरणी. तिसरे शहादेवकाका, गावाशेजारच्या वाडीवरचे कोरडवाहू शेतकरी; पीक हाती लागलं नाही की त्या वर्षी बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचे. हे तिघे चौथीपर्यंत एका वर्गात होते. पुढं एकानं तराजू धरला, एकानं पाना, एकानं कासरा. पैसा म्हणा, जातधर्म म्हणा, घरातलं खाणं म्हणा, तिघांचं काहीच सारखं नव्हतं. सारखी होती ती एक गोष्ट, इंजिनाची.

सन अठ्ठावन्न. आमच्या पेठेत तेव्हा गिरणी नव्हती. माझ्या आजोबांनी नगरला एका कापसाच्या जिनातलं जुनं इंजिन घेतलं. वरचं लोखंडी डोकं दिव्यानं तापवून, हातानं मोठं चाक फिरवून सुरू करायचं, टनभर वजनाचं विलायती इंजिन. ते ट्रकनं आणायचं तर आजोबांचा ट्रकवाल्यांवर भरवसा नव्हता. इंजिन घेऊन तो मुंबईला पळाला तर काय करायचं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी बैलगाडी पाठवली! शहादेवकाकांची गाडी, त्यांचेच हरण्या आणि पवळ्या हे बैल, मालकाच्या घरचा माणूस म्हणून अप्पा आणि जड वस्तू हलवायला कंदील दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा जमील. तिघंही विशीच्या आतबाहेरचे.

या गोष्टीचे तीन वाटे होते. नगरपासून सौताड्याच्या घाटात अर्ध्यापर्यंतचा वाटा शहादेवकाकांचा. त्यात बैल होते, त्यांचे खूर होते, हरण्यानं चढावर गुडघे टेकले ते होतं. मग गाडी मागं सरकायला लागली. तिथून अप्पांचा वाटा. अप्पांनी दोन्ही हातांनी दगड उचलून चाकामागं लावला, गाडी थांबली, बैलांनी दम घेतला आणि चाकामागचा दगड पुढं सरकवत सरकवत घाट चढला. शेवटचा वाटा जमीलचाचांचा. पाटोद्यात आलेलं इंजिन सुरूच होईना. या फेरीआधी जमीलनं इंजिन पाहिलंही नव्हतं. त्यानं ते सगळं खोललं, एका जाड कापडाच्या पालावर एकेक भाग ओळीनं मांडला आणि प्रत्येकाभोवती कोळशानं रेघ ओढली, म्हणजे कुठला भाग कुठून निघाला हे कळावं. अकरा दिवस गाव हसत होतं. अकराव्या दिवशी तेलाच्या बारीक नळीत त्याला मातीचं घर सापडलं. वाटेत कुठंतरी कुंभारीण माशीनं बांधलेलं. ते तारेनं फोडलं, नळी फुंकली, डोकं तापवलं, चाक फिरवलं.

"अन् मंग," चाचा म्हणायचे आणि थांबायचे. आम्ही पोरं श्वास रोखून बसायचो. ते गाल फुगवून पहिला "पुक" काढायचे, मग दुसरा, मग सगळी गिरणी तोंडानं चालवायचे. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर राग औषधालाही नसायचा.

ही गोष्ट दर बाजाराच्या दिवशी दुपारी, गर्दी ओसरली की आमच्या दुकानाच्या ओट्यावर व्हायची. तिघांच्या घरातल्या प्रत्येक लग्नात व्हायची. माझ्या लग्नात हळद लागली आणि ओट्यावर इंजिन सुरू झालं तेव्हा सासरची माणसं एकमेकांकडं बघत राहिली होती. नियम एकच, ज्याचा वाटा त्यानंच सांगायचा. दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही, चूक काढायची नाही, भर घालायची नाही. हजर नसेल तर गोष्ट तिथं थांबायची. शहादेवकाका ऊसतोडीला गेले की चार-पाच महिने गोष्टच व्हायची नाही. एकदा मी चाचांच्या मागं लागले, निदान शेवटचं तरी सांगा म्हणून.

"कसं सांगू पोरी?" ते म्हणाले. "गाडी अजून घाटाच्या खाली हाय. शादेव आल्याबिगर वर कोन चढवंल? अन् वर आल्याबिगर इंजिन कुटून चालू करू?"

मला ते तेव्हा पोरखेळासारखं वाटलं होतं. मोठी माणसं इतक्या गंभीरपणे खेळतात याची गंमत वाटली होती.

पुढं एक्क्याण्णव-ब्याण्णवपासून आमच्याकडं सगळं एकदम बदलत गेलं. दुकानात शांपूच्या पुड्यांच्या माळा लटकल्या, नाक्यावर एसटीडीची पिवळी पाटी लागली, विहिरींची जागा बोअरनं घेतली आणि इंजिनांची जागा पाण्यात बुडणाऱ्या मोटारींनी. मोटार जळाली की लोक ती बदलून नवी आणायचे. खोलायचं, धुवायचं, घासायचं, पुन्हा बसवायचं हे कुणाला परवडेना. जमीलचाचांच्या दुकानात दिवस दिवस पाना हलायचा नाही. "टाकून द्या म्हनतेत! आरं, बापाला खोकला झाला तर टाकून देता का?" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. लोक हसून पुढं जायचे. आमची गिरणीही विजेवर गेली आणि जुनं इंजिन परसात पडून राहिलं.

माझा भाऊ बसवेश मात्र जोरात होता. आधी त्यानं केबलचा धंदा घेतला, मग दुचाकीची एजन्सी. त्याला बाजार समितीची निवडणूक लढवायची होती. त्या सुमाराला त्याला 'उद्योजक' हा शब्द सापडला आणि तो शब्द त्यानं अप्पांना चिकटवला. रोज पहाटे तुरीच्या डाळीतले खडे निवडत बसणारे माझे अप्पा एका रात्रीत आद्य उद्योजक झाले! परसातलं इंजिन उचलून त्यानं शोरूमपुढं चबुतऱ्यावर बसवलं आणि त्याला वरपासून खालपर्यंत हिरवा ऑइलपेंट फासला. नळ्या, झडपा, सगळं रंगात बुजवलं. चाचांनी ते पाहिलं तेव्हा ते नुसते नखानं रंग खरवडत उभे राहिले. तेव्हाच मला ओळखायला हवं होतं.

अप्पांची एकसष्टी जवळ आली तशी बसवेशनं केबलवर दाखवायला त्यांची मुलाखत ठरवली. बीडहून एक पोरगा कॅमेरा घेऊन आला. मी चहाचा ट्रे घेऊन त्याच्या मागंच उभी होते. अप्पांनी नेहमीसारखी सुरुवात केली, "शहादेवची गाडी होती, त्याला बोलवा, ते तो सांगंल." पोरगा म्हणाला, "काका, थोडक्यात सांगा. आणि बाकीच्यांची नावं नकोत, बघणाऱ्यांचा गोंधळ होतो." अप्पांनी एकदा बसवेशकडं बघितलं. बसवेशनं मान हलवली. मग अप्पांनी नगरपासूनचा रस्ता दोन वाक्यांत संपवला, दगड लावला, घाट चढला. इथं ते थांबतील असं मला वाटलं. ते थांबले नाहीत.

"मग मी इंजिन खोललं," अप्पा म्हणाले.

मी चहाचा ट्रे खाली ठेवला. अप्पांनी पाल अंथरलं, कोळशाच्या रेघा ओढल्या, मातीचं घर फोडलं. अकरा दिवस त्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतले. एवढंच नाही, कॅमेऱ्याकडं बघत, गाल फुगवून त्यांनी "पुक" सुद्धा केलं! तो आवाज त्यांना नीट जमलाही नाही.

केबलवर ते दिवसातून चार वेळा लागायचं, पिक्चरच्या आधी. जमीलचाचांनी ते चहाच्या हॉटेलात पाहिलं. हातातला ग्लास त्यांनी खाली ठेवला, अगदी पाना ठेवावा तसा. लोक भांडणाच्या तयारीनं बघत राहिले. चाचा उठले आणि घरी गेले. त्यानंतर सात बाजार झाले, ते आमच्या ओट्यावर आले नाहीत. गल्लीत कुणी कुणी त्याला धर्माचा रंग द्यायला बघितलं. तसं असतं तर भांडायला सोपं गेलं असतं. खरं कारण फार हलकं होतं. समोर कॅमेरा होता आणि माझ्या वडिलांना त्यात मोठं दिसायचं होतं. याची मला जास्त चीड येते.

अप्पा दर बाजारी ओट्यावर सतरंजी टाकून बसायचे. शहादेवकाका यायचे, तंबाखू मळत बसायचे. गोष्ट सुरूच व्हायची नाही. मी एकदा तोंड सोडलं, "अप्पा, जाऊन माफी का मागत नाही?" तर म्हणाले, "येईल तो. त्याचा स्वभावच तापट आहे." म्हणजे चोरी यांची आणि स्वभाव त्याचा वाईट! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच चाचांच्या घरी गेले.

आमिनाबीचाचींनी दार उघडलं. "बरं झालं आलीस," त्या हळूच म्हणाल्या. "दोन महिने होत आले, कुनासंगं भांडले बी न्हाईत. मला भ्या वाटतं." चाचा खाटेवर बसले होते. मी म्हणाले, "चाचा, अप्पांचं चुकलं."

"मला म्हाईत हाय, तुला म्हाईत हाय," ते म्हणाले. "त्येला म्हाईत हाय का?"

तेच पुढं बोलले. "रुद्रानी, माज्यापाशी हाय काय, सांग. दुकानात काम न्हाई. पोरगा शहेबाज पुन्याला कंपनीत लागला, त्येला पाना धरायची शरम वाटती. समद्या जिंदगीत माजे अकरा दिवस हायेत. लोकं हसत व्हती अन् मी एकटा बसलो व्हतो, त्ये अकरा दिवस. तुज्या बापानं त्ये बी नेले. दगड दिला, आता इंजिन बी घेतलं."

"दगड दिला म्हणजे?"

आमिनाबीचाचींनी नवऱ्याकडं पाहिलं. चाचा एकदम वरमले. "काय न्हाई. च्या पी," म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

घरी येऊन मी अप्पांना शब्दाला शब्द सांगितलं. अकरा दिवसांचं ऐकताना त्यांनी मान खाली घातली. दगडाचं वाक्य सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. बसवेश तिथंच होता. तो म्हणाला, "त्यात काय एवढं? एकसष्टीच्या सत्काराला जमीलचाचांना स्टेजवर बोलावतो, शाल देतो, संपला विषय." मी त्याला म्हणाले, "शाल तू पांघर आणि झोप." तो चिडून निघून गेला.

सत्कार मंगल कार्यालयात होता, दुपारी चार वाजता. हार, गुच्छ, केबलचा कॅमेरा आणि स्टेजच्या मागं अप्पांचा दारापेक्षा मोठा फोटो. शहादेवकाका जमीलचाचांना घेऊन आले. मला म्हणाले, "येत नव्हता. मी म्हणलं, आज मी माजा वाटा सांगनार हाय. पुढचं कोन कसं सांगतंय त्ये बघायला तरी चल." चाचा धुतलेला खाकी सदरा घालून शेवटच्या रांगेत बसले. स्टेजवर बोलावलं तरी जागचे हलले नाहीत.

भाषणं झाली. उद्योजक, दूरदृष्टी, नवे युग, सगळं झालं. मग सूत्रसंचालकानं शहादेवकाकांना दोन शब्द बोलायला सांगितलं. काकांनी माईक कासऱ्यासारखा दोन्ही हातांनी धरला आणि नगरपासून सुरुवात केली. हरण्याचे खूर आले, पवळ्याची खोड आली, घाट आला. लोक आधी चुळबुळत होते, मग ऐकायला लागले. हरण्यानं गुडघे टेकले, गाडी मागं सरकायला लागली आणि काका खाली बसले. सूत्रसंचालकानं टाळ्या सुरू केल्या. काकांनी बसूनच हात वर केला.

"टाळ्या कावून? गोष्ट झाली न्हाई अजून. फुडचा वाटा ज्येचा हाय त्यो सांगंल."

अप्पा उठले. गळ्यात हार, अंगावर शाल. ते माईकपाशी आले आणि शाल काढून खुर्चीवर ठेवली.

"पुढचा वाटा माझा हाय," अप्पा म्हणाले. भाषणाची भाषा ते पार विसरले होते. "पण दगड मी लावला न्हाई. मी घाटात नव्हतोच. घाटाच्या पायथ्याला एक मोडकी गाडी पडली व्हती, बाजूला मेलेला बैल. त्ये बघून माझं पाणी झालं. पोटात कळ आली असं सांगून मी जामखेडला माघारी गेलो अन् मोटारीनं गाडीच्या आधी इकडं आलो. दोन दिस गावाजवळ एकाच्या मळ्यात लपून बसलो. गाडी गावाच्या कोसभर अलीकडं आली तवा तिच्यावर चढलो अन् गावात शिरलो. इंजिन माझ्या बापाचं, अन् पळालो मी. दगड जमीलनं लावला. इंजिन बी जमीलनंच चालू केलं, अकरा दिवस घालून. त्ये बी मी माझ्या नावावर सांगितलं. दोनी खाल्लं मी."

बसवेशनं कॅमेरेवाल्याला बंद कर म्हणून खूण केली. मला काय वाटलं ते स्पष्टच लिहिते: मला आनंद झाला. वडिलांची अब्रू भर सभेत जात होती आणि मला आनंद झाला होता, कारण फळ्यावर अखेर बरोबर उत्तर लिहिलं गेलं होतं. मी चाचांकडं बघितलं. वाटलं, आता यांचा राग जाईल.

चाचा उठले होते. खुर्च्या सारत, माणसांच्या पायांवर पाय देत ते पुढं येत होते. पाना त्यांच्याजवळ नव्हता, पण स्टेजपाशी येऊन त्यांनी आधी डोक्यावरची टोपी काढून खाली ठेवली.

"कावून सांगितलंस बे?" ते ओरडले. त्यांना माईकची गरज नव्हती. "कुनी इचारलं व्हतं तुला? मी इंजिन मागत व्हतो, माजं इंजिन! दगड कुनी मागितला? दगड मी तुला दिलता. चाळीस वर्सं झाली देऊन. दिलेली चीज अशी चार लोकांत माघारी फेकतेत का बे?"

"लई जड झालं व्हतं, जमील," अप्पा म्हणाले. ते रडत होते.

"जड व्हतं म्हनून तर तिगांत वाटलं व्हतं!" चाचा म्हणाले. टोपी उचलून ते बाहेर निघून गेले.

मी शहादेवकाकांना दारात गाठलं. मी रागावले होते आणि राग नक्की कुणावर हे मला कळत नव्हतं. काकांनी सांगितलं. गाडी गावात शिरली तेव्हा पेठेतली सगळी माणसं जमली होती, हार घातले होते. घाट कसा चढलात, असं कुणीतरी विचारलं. काकांनी बैलांचं सांगितलं. मग सगळ्यांनी मालकाच्या पोराकडं पाहिलं. "त्येच्यापाशी सांगायला कायच नव्हतं," काका म्हणाले. "तोंड असं झालतं की आता रडतंय का मग रडतंय. तेवढ्यात जमील म्हणला, गाडी मागं सरली तवा दगड मल्लिनाथनं लावला. म्या मान हलवली. झालं. त्याच दिशी जमीलनं ठरवलं, दुसऱ्याच्या वाट्याला कुनी हात लावायचा न्हाई. हात लावला तर कुनीतरी इचारील ना, दगड केवढा व्हता, कुटून आनला."

म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला पोरखेळ म्हणत होते तो नियम माझ्या वडिलांना झाकण्यासाठी होता. तो जमीलचाचांनी केला होता, आणि अप्पांनी त्याच्याच आडोशानं त्यांच्या वाट्यावर हात मारला होता. माझा राग कमी झाला नाही. उलट वाढला. मला चाचांचाही राग आला. स्वतःच्या हातानं थांबवलेली गाडी अशी कुणी देऊन टाकतो का? आणि दिली तर दिली, वर चाळीस वर्षं समोर बसून तीच गोष्ट ऐकायची, मान डोलवायची, एकदाही तोंड वाकडं करायचं नाही! एवढ्या तापट माणसाला हे जमलं कसं, ते मला आजही कळलेलं नाही.

गावानं मात्र दोन दिवसांत बाजू बदलली. केबलचा तोच पोरगा कॅमेरा घेऊन चाचांच्या दुकानी गेला. आता खरी गोष्ट तुमच्या तोंडून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, म्हणाला. चाचांनी पाना जमिनीवर ठेवला. "माजा वाटा अकरा दिवसांचा," ते म्हणाले. "बाकीचं ज्येचं त्येला इचारा." पोरगा पुन्हा आला नाही. अप्पांनी सकाळी सकाळी शोरूमपुढं जाऊन इंजिनाच्या नळ्यांवरचा हिरवा रंग स्वतः घासून काढला. बसवेश त्यांच्याशी महिनाभर बोलला नाही, आणि निवडणुकीत पडला ते अप्पांमुळंच असं अजून म्हणतो.

पुढच्या बाजारी अप्पांनी ओट्यावर सतरंजी टाकली. शहादेवकाका आले. तीनच्या सुमाराला जमीलचाचा आले. कुणाला रामराम नाही, सलाम नाही. अप्पांकडं पाठ करून सतरंजीच्या कडेला बसले. मी आत गल्ल्यावर होते, हातातलं काम तसंच राहिलं. शहादेवकाकांनी खाकरून नगर सोडलं. गाडी हळूहळू जामखेडला आली, घाटाला लागली, हरण्यानं गुडघे टेकले, गाडी मागं सरकायला लागली. काका थांबले.

अप्पा सतरंजीची कडा मुडपत बसले.

"सांग की," चाचा पाठ न वळवता म्हणाले.

"आता काय सांगू, जमील? समद्या गावाला माहीत झालंय."

चाचा तेव्हा वळले. इतके रागावलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांचे डोळे भरले होते.

"गावाला झालं असंल," ते म्हणाले. "आमाला न्हाई. गाडी मागं सरायलीय बे मल्ल्या, माजा शादेव खाली हाय, बैल खाली हायेत. सांग लवकर."

अप्पांनी दोन्ही हात पुढं केले. "रस्त्याच्या कडेला दगड व्हता," अप्पा म्हणाले, "त्यो मी उचलला." जमीलचाचांनी मान डोलावली.